लॅपटॉपचे आयुष्य : दोष खेळाचा की उष्णतेचा?

अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की बँकेच्या शाखांमधून शैक्षणिक कर्जाच्या अर्जदारांची वर्दळ वाढते. शिक्षणशुल्क, वसतिगृह आणि पुस्तके यांच्या अंदाजपत्रकासोबत आता आणखी एक कागद बहुधा जोडलेला असतो, तो म्हणजे लॅपटॉपचे कोटेशन. अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी आवश्यक असल्यास संगणकाची वाजवी किंमत कर्जाच्या रकमेत धरण्याची तरतूद इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत आहेच. मात्र कोटेशनवर ‘गेमिंग’ हा शब्द दिसला की टेबलापलीकडे बसलेले वडील थबकतात. आरेखनाची सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर नीट चालत नाहीत, असे चिरंजीव सांगतात आणि ते बऱ्याच अंशी खरेही असते. वडिलांच्या मनात मात्र वेगळीच शंका असते. रात्र रात्र खेळ चालणार, यंत्र तापणार, आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम संपण्याआधीच ते मान टाकणार काय?

ही शंका केवळ वडीलधाऱ्यांच्या धाकातून आलेली आहे असे समजण्याचे कारण नाही. तिला हिशेबाची बाजू आहे. वरील योजनेनुसार परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. म्हणजे पहिल्या वर्षी घेतलेला लॅपटॉप पहिला हप्ता भरतेवेळी पाच वर्षांचा झालेला असेल. तो तिसऱ्या वर्षीच निकामी झाला, तर कर्ज तसेच राहते, त्यावरील व्याज चालू राहते आणि दुसऱ्या यंत्रासाठी रोख रक्कम उभी करावी लागते.

लेखाशास्त्राला विचारले तर उत्तर झटपट मिळते. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे धरले आहे. आयकरासाठी संगणकावरील घसाऱ्याचा दर पूर्वी ६० टक्के होता, तो १ एप्रिल २०१७ पासून ४० टक्क्यांवर आणण्यात आला. या दराने व्यवसायासाठी घेतलेल्या ८०,००० रुपयांच्या लॅपटॉपचे पुस्तकी मूल्य चार पूर्ण वर्षांनंतर १०,३६८ रुपये उरते. विद्यार्थ्याला अर्थातच घसाऱ्याची वजावट मिळत नाही; त्याला फक्त घसारा मिळतो! परंतु ही झाली खातेवहीतील आयुर्मर्यादा. यंत्राने खातेवही वाचलेली नसते. ते खरोखर कशाने झिजते, हे पाहण्यासाठी त्याच्या आत डोकावावे लागते.

साध्या कार्यालयीन लॅपटॉपचा अडॅप्टर ६५ वॅटच्या आसपासचा असतो. खेळांसाठी बनविलेल्या लॅपटॉपचा अडॅप्टर १८० वॅटपासून ३३० वॅटपर्यंत असू शकतो. यंत्रात शिरलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते. जुन्या पद्धतीचे शंभर वॅटचे दोन दिवे एखाद्या जाडजूड पुस्तकाएवढ्या पेटीत कोंडून लावले, तर जे होईल त्याच्याशी लॅपटॉपमधील तांब्याच्या नळ्या आणि दोन छोटे पंखे झुंजत असतात. भारी खेळ चालू असताना प्रोसेसरचे तापमान ९० अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे ही अशा यंत्रांत नित्याची बाब आहे. तो आकडा पाहून पालक घाबरतात, परंतु आधुनिक प्रोसेसर सुमारे १०० अंशांची मर्यादा गृहीत धरूनच घडविलेले असतात. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि तरीही तापमान आटोक्यात आले नाही तर यंत्र बंद होते. खेळ मध्येच अडखळू लागतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. यंत्र खराब होत असल्याची ती खूण नसते. ते स्वतःला वाचवीत असते.

म्हणून खेळामुळे प्रोसेसर ‘जळतो’ ही समजूत आज फारशी खरी राहिलेली नाही. उष्णतेने पदार्थांची झीज वेगाने होते हे मात्र निर्विवाद आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी रासायनिक क्रियेचा वेग आणि तापमान यांचे गणिती नाते १८८९ साली मांडले. त्यावरूनच, तापमान दहा अंशांनी वाढले की झीज ढोबळमानाने दुप्पट होते, हा अभियंत्यांचा आडाखा रूढ झाला. विद्युत मंडलातील काही प्रकारच्या कपॅसिटरचे आयुष्य आजही याच आडाख्याने मोजतात.

परंतु सततच्या उष्णतेपेक्षा तापणे आणि निवणे यांची आवर्तने कित्येकदा अधिक घातक ठरतात. चिप सिलिकॉनची असते आणि तिच्याखालचा बोर्ड काचतंतू व राळेचा. तापल्यावर बोर्ड सिलिकॉनच्या कित्येक पट अधिक प्रसरण पावतो. दोहोंना जोडणारे डाखाचे सूक्ष्म ठिपके दर वेळी ताणले जातात आणि निवताना पुन्हा आखडतात. तार वारंवार वाकवून तोडावी तसाच हा प्रकार. शेकडो आवर्तनांनंतर एखाद्या ठिपक्याला तडा जातो आणि एके दिवशी पडद्यावर रेघा उमटू लागतात.

याचे सर्वात गाजलेले उदाहरण २००८ सालचे आहे. ग्राफिक्स चिप बनविणाऱ्या एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीने त्या वर्षी जुलैमध्ये जाहीर केले की, तिच्या लॅपटॉपसाठीच्या काही चिपच्या वेष्टनात वापरलेले साहित्य कमकुवत असून त्या प्रमाणाबाहेर बंद पडत आहेत. दुरुस्ती व बदलीच्या खर्चापोटी कंपनीने १५ ते २० कोटी डॉलर्सची तरतूद केली. डेल आणि एचपी यांनी आपल्या ग्राहकांना बायोसची सुधारित आवृत्ती दिली. तिचे काम एवढेच होते की पंखा लवकर सुरू व्हावा आणि अधिक काळ चालत राहावा, जेणेकरून तापमानाचे चढउतार सौम्य होतील. मे २००७ ते सप्टेंबर २००८ या काळात बनविलेल्या काही मॅकबुक प्रो लॅपटॉपची विनामूल्य दुरुस्ती ॲपलने देऊ केली.

या प्रकरणातील एक मुद्दा वडील आणि चिरंजीव या दोघांनीही ध्यानात घेण्याजोगा आहे. त्या चिप खेळ न खेळणाऱ्यांच्या यंत्रांतही निकामी झाल्या. मूळ दोष वेष्टनाच्या साहित्यात होता आणि उष्णतेच्या आवर्तनांनी तो बाहेर काढला. उलट, साहित्य आणि रचना सुदृढ असतील तर तीच आवर्तने यंत्र वर्षानुवर्षे सहन करते. खेळाला संपूर्ण दोषी ठरविणे न्यायाचे नाही आणि संपूर्ण निर्दोष सोडणेही नाही.

उष्णतेविषयीचे सगळेच समज पुराव्याच्या कसोटीला उतरत नाहीत, हेही येथे नोंदविले पाहिजे. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान वाढले की डिस्क अधिक प्रमाणात बिघडतात, ही सर्वांची धारणा त्यात फारशी टिकली नाही. अतिशय उच्च तापमान आणि तीन वर्षांहून जुन्या डिस्क सोडल्या तर परस्परसंबंध क्षीणच आढळला. थंड डिस्कमध्ये तर बिघाडाचे प्रमाण काहीसे जास्तच दिसले.

मग खेळाडूच्या लॅपटॉपमध्ये सर्वप्रथम काय जाते? बहुधा बॅटरी. या बाबतीत पुरावा अगदी स्पष्ट आहे. लिथियम-आयन बॅटरी न वापरताही वृद्ध होते, आणि तिचे वार्धक्य दोन गोष्टींवर अवलंबून असते: तापमान आणि भरणा. बॅटरी तज्ज्ञांमध्ये प्रचलित असलेल्या आकडेवारीनुसार, ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंश तापमानात वर्षभर ठेवली तर तिची सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. तीच पूर्ण भरून ठेवली तर ८० टक्के. तापमान ४० अंश असेल आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर वर्षाअखेर सुमारे ६५ टक्केच उरतात. भारी खेळ नेहमी अडॅप्टर जोडूनच खेळले जातात. बॅटरी शंभर टक्क्यांवर असते आणि शेजारी तापलेल्या नळ्या असतात. ‘बॅटरीवर कधी चालवलाच नाही, तरी बॅटरी गेली कशी?’ असे दुकानदाराला विचारणाऱ्या ग्राहकाचे उत्तर त्याच्या प्रश्नातच दडलेले असते.

बॅटरी फुगली असेल तर टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतो किंवा खालचे झाकण नीट बसत नाही. असे यंत्र एक दिवसही वापरू नये, चार्जिंगला लावू नये आणि बॅटरीला टोचण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. येथे आयुष्याचा प्रश्न मागे पडून आगीचा प्रश्न पुढे येतो.

बॅटरीच्या पाठोपाठ पंखे. त्यांच्या बेअरिंगची झीज होते, पात्यांवर आणि जाळीत धूळ साचते. वसतिगृहात टेबल एकाच्या वाट्याला आणि खाट दुसऱ्याच्या, अशी वाटणी असेल तर लॅपटॉप गादीवरच ठेवला जातो. हवा आत घेण्याची छिद्रे बहुधा तळाशी असतात. ती गादीने बुजतात आणि गादीचा कापूस आत ओढला जातो. प्रोसेसर व तांब्याच्या नळ्या यांच्यामधील उष्णतावाहक लेपही काही वर्षांत सुकतो. पहिल्या वर्षी ८५ अंशांवर चालणारा तोच खेळ तिसऱ्या वर्षी यंत्राला मर्यादेला नेऊन भिडवितो, तो या कारणांमुळे. यंत्र ‘म्हातारे’ झाले असे वाटते, प्रत्यक्षात त्याचे श्वसनमार्ग चोंदलेले असतात.

आपल्याकडील हवामान हा या हिशेबातील दुर्लक्षित खर्च होय. बहुतेक उत्पादक लॅपटॉप वापरण्यासाठी सभोवतालच्या हवेचे कमाल तापमान ३५ अंश नमूद करतात. माहितीपुस्तिकेतील ही ओळ कोणी वाचत नाही. नागपूर, अकोला किंवा चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. जयपूर, दिल्ली, हैदराबाद येथे शिकणाऱ्यांचीही अवस्था वेगळी नाही. वातानुकूलन नसलेल्या खोलीत दुपारी यंत्र सुरू करण्यापूर्वीच ती मर्यादा ओलांडलेली असते. पंखा जी हवा आत घेतो ती जितकी अधिक उष्ण, तितकेच आतील तापमानही वर सरकते. कोकण आणि गोव्यात पारा तितका चढत नाही, पण तेथे दमट व खारट हवेमुळे जोडणीच्या जागा गंजतात.

उपाय खर्चिक नाहीत. लॅपटॉप टणक पृष्ठभागावर, मागील बाजू बोटभर उंच करून ठेवावा. पुस्तकांचा आधारही पुरतो. खेळाच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ६० चौकटींची मर्यादा घातली तर दिसण्यात फार फरक पडत नाही आणि ग्राफिक्स चिपवरील भार मात्र पुष्कळ उतरतो. बॅटरीचा भरणा ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय आता अनेक लॅपटॉपमध्ये असते. ही सोय कारखान्यातून बंद अवस्थेत येण्याची शक्यता असल्याने ती शोधून सुरू करावी लागते. खेळ संपताच झाकण मिटून यंत्र पिशवीत कोंबू नये. पंख्यांना चार-पाच मिनिटे चालू द्यावे. खाली ठेवायच्या पंख्याच्या स्टँडने काही अंशांचा फरक पडतो, पण चोंदलेल्या जाळीला तो पर्याय नव्हे.

कोटेशन हाती असतानाच दोन प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारावेत. यंत्राची हमी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची हमी किती, हा पहिला. ती बहुधा एकच वर्षाची निघते. तळाचे झाकण उघडून स्वच्छता करून घेतल्यास हमी बाधित होते काय, हा दुसरा. बॅटरी आणि पंखे बदलण्याचा खर्च काही हजारांत आटोपतो. मदरबोर्ड गेला तर मात्र, प्रोसेसर व ग्राफिक्स चिप त्यालाच जोडलेल्या असल्याने, दुरुस्तीपेक्षा नवे यंत्र बरे असे म्हणण्याची पाळी येते. वडिलांना खरी भीती याच खर्चाची असावयास हवी, आणि तो टाळण्यासाठीच धूळ व लेप यांकडे लक्ष द्यावयाचे.

त्यासाठी परीक्षा संपवून विद्यार्थी घरी येतो तो काळ सोयीचा. त्याच्या पिशवीतील लॅपटॉप घरी पोहोचताच अधिकृत सेवा केंद्रात द्यावा, जाळी व पंखे साफ करून घ्यावेत, तिसऱ्या वर्षी उष्णतावाहक लेपही बदलून घ्यावा. सुटीतील खेळाचा मुक्काम त्यानंतर.