स्प्रिंग बसवल्यावर शेवटी एकच गोळी, पण कोणती?

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली की सुरुवातीला रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या देतात. साधारण सहा महिने ते वर्षभराने डॉक्टर त्यातली एक थांबवतात. दुसरी बहुधा जन्मभराची. मग कोणती ठेवायची? ॲस्पिरिन की क्लोपिडोग्रेल?

रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू न देणे हेच दोघींचे काम. वर्षानुवर्षे मान ॲस्पिरिनचा होता. पुढे दक्षिण कोरियात स्प्रिंग बसवलेल्या ५,४३८ रुग्णांमध्ये दोन्ही गोळ्यांची तुलना झाली. २०२१ साली निकाल आला. दोन वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयाच्या दुखण्याने पुन्हा भरती किंवा रक्तस्राव यांपैकी काही ना काही ॲस्पिरिनवाल्यांत शंभरी सुमारे ८ जणांना झाले, क्लोपिडोग्रेलवाल्यांत सुमारे ६ जणांना. मृत्यूंत मात्र ठोस फरक दिसला नाही.

म्हणून ॲस्पिरिन टाकाऊ ठरत नाही. ती स्वस्त आहे; पण पोटात जखम करू शकते. क्लोपिडोग्रेल काहींना कमी लागू पडते, आणि ॲसिडिटीची ओमेप्राझोल सोबत घेतल्यास तिचा जोर घटतो. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा.

वाचक बंधू-भगिनींनो, आमचे कळकळीचे सांगणे एवढेच : बरे वाटते, पैसे संपले किंवा दात काढायचा आहे म्हणून गोळी मनाने बंद करू नका, बदलूही नका. परवडत नसेल तर न लाजता डॉक्टरांना सांगा. दोन्ही गोळ्या जेनेरिकमध्ये मिळतात. शौचास काळे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.