सरळ म्हणजे किती सरळ?

नमाजाला उभे राहण्यापूर्वी इमामसाहेब मागे वळून एकच वाक्य म्हणतात, सफ सरळ करा. सफ म्हणजे रांग. मग खांद्याला खांदा आणि टाचेला टाच जुळते. रमजानमध्ये ईशानंतर तरावीहच्या वीस रकाती होतात. एका रकातीत दोन सजदे, म्हणजे एका रात्रीत कपाळ चाळीस वेळा जमिनीला टेकते. अलीकडे मशिदीत कडेला खुर्च्यांची रांग वाढत चालली आहे. आजाऱ्याला बसून नमाज पढण्याची सवलत आहेच, पण त्या रांगेत बसणाऱ्यांच्या चेहऱ्यावर थोडी खंत असते. पंगतीत पाटाऐवजी टेबल मागून घेणाऱ्या आमच्या शेजारच्या काकांच्या चेहऱ्यावरही तीच दिसते.

माझी अम्मी घरी खुर्चीवर बसूनच तरावीह पढते. तिचा उजवा गुडघा चार वर्षांपूर्वी बदलला. डाव्याची पाळी आता ईदनंतर आहे. उजवा बदलल्यावर डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितले होते, ‘बघा, पाय कसा सरळ झाला!’ पाय खरोखरच सरळ झाला होता. अम्मीचे म्हणणे मात्र आजही तेच आहे, ‘सरळ आहे, पण माझा वाटत नाही.’ जिना उतरताना वाटीच्या मागे दुखते. तिची कुरकुर आम्ही वयाच्या खात्यात टाकली होती. दुसऱ्या ऑपरेशनच्या निमित्ताने मी वाचायला बसलो, तेव्हा कळले की या ‘सरळ’ शब्दावर अस्थिशल्यविशारदांतच बरीच वर्षे वाद चालू आहे.

मुद्दा एका रेषेचा आहे. खुब्याच्या गोलाच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक रेघ ओढली, तर ती गुडघ्याच्या मधून किंवा त्याच्या अगदी जवळून जावी. आपल्याकडे बहुतेकांचा गुडघा आतल्या बाजूने झिजतो. पाय कंसासारखे बाहेर वाकतात, रेघ गुडघ्याच्या आत सरकते, भार आतल्या बाजूवर वाढतो, तिथली कूर्चा आणखी झिजते आणि पाय आणखी वाकतो. ऑपरेशनमध्ये मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोके कापून त्यांवर धातूचे भाग बसवतात आणि मध्ये प्लास्टिकची गादी ठेवतात. काप किती अंशांत घेतला, यावर ती रेघ कुठून जाईल हे ठरते.

आधुनिक कृत्रिम गुडघ्याचा पाया मानला जाणारा ‘टोटल कॉन्डायलर’ हा सांधा १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत आला. तो घडवणाऱ्यांत जॉन इन्सॉल यांच्याबरोबर आपल्या देशातून गेलेले डॉ. चित्तरंजन राणावतही होते. अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे ब्रीच कँडीत २००० आणि २००१ मध्ये बदलले, ते याच राणावतांनी. नियम त्या काळापासूनचा आहे: रेघ मधोमध हवी, फरक फार तर तीन अंशांचा. त्याला आधारही होता. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ११५ कृत्रिम गुडघे तपासले. रेघ सांध्याच्या मधल्या तिसऱ्या भागातून गेली होती, तिथे ३ टक्के सांधे सैल झाले; बाहेरून गेली होती, तिथे २४ टक्के.

पुढे दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ३९८ गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा हिशेब २०१० मध्ये मांडला. तीन अंशांच्या आतले सांधे बाहेरच्यांपेक्षा जास्त टिकले, असे त्यात दिसले नाही. २०१२ मध्ये बेल्जियममधल्या डॉक्टरांनी गुडघ्याची कसलीच तक्रार नसलेल्या अडीचशे तरुण-तरुणींचे पाय मोजले. ३२ टक्के मुलगे आणि १७ टक्के मुलींचे पाय मुळातच तीन अंश किंवा त्याहून जास्त बाहेर वाकलेले निघाले. अशा माणसाचा पाय म्हातारपणी झिजेने आणखी वाकला, तर त्याला शून्यावर आणणे म्हणजे कधीच नसलेला पाय देणे. त्यासाठी आतल्या बाजूचे स्नायुबंध सैल करावे लागतात. मला वाटते, ‘माझा वाटत नाही’ या तक्रारीचे एक कारण इथे असावे. अम्मीचे तेच असेल, असे मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही. धातूचा भाग थोडा फिरून बसला, तरी वाटी नीट सरकत नाही आणि पुढून दुखते. हे साध्या एक्स-रेत कळत नाही, सीटी स्कॅन लागते.

आता काही सर्जन रुग्णाचा मूळचा बाक अंदाजून त्याप्रमाणे काप घेतात. काही चाचण्यांत त्याचा फायदा दिसला, काहींत दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या. वजन खूप असेल, तर नडगीवरचा भाग जास्त कलता ठेवणे धोक्याचे असते. म्हणजे जुना नियम मोडीत निघालेला नाही, तो सर्वांना एकाच मापाने लावायचा का, एवढाच प्रश्न आहे. रोबोट किंवा कॉम्प्युटर काप अचूक घेतो, पण काप किती अंशांचा घ्यायचा हे त्याला माणूसच सांगतो. जाहिरातींत हे नसते.

गेल्या आठवड्यात नव्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी उभे राहून कंबरेपासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे काढायला लावला. पहिल्या वेळी फक्त गुडघ्याचा काढला होता; त्यात खुबाच नसतो, तर रेघ ओढणार कुठून? मग त्यांनी अम्मीला विचारले, ‘लग्नाच्या वेळी पाय कसे होते?’ अम्मी हसली. ‘तेव्हाही थोडे वाकडेच होते. सासूबाई चिडवायच्या.’ डॉक्टरांनी ते लिहून घेतले. सजदा जमेल का, हेही तिने विचारले. ते म्हणाले, चालणे-उतरणे सुधारेल. पण बदललेला गुडघा बहुधा १२० अंशांच्या आसपास वाकतो, टाचांवर बसायला त्याहून बराच जास्त वाकावा लागतो, तेव्हा खुर्ची राहू द्या.

इफ्तारनंतर अम्मीने तो लांब एक्स-रे दिव्यासमोर धरून स्वतः पाहिला आणि बोटाने खुब्यापासून घोट्यापर्यंत रेघ ओढली. शेजारच्या काकूंना फोन करून म्हणाली, ‘तुमचाही उभ्याने काढायला सांगा.’