गाणारा पक्षी नरच कशावरून?

वसंत आला की एक दुरुस्ती हमखास फिरू लागते : ‘कुहूकुहू करणारी कोकिळा नसते, तो नर कोकीळ असतो.’ दुरुस्ती बरोबर आहे. मादी नुसती किक्-किक् ओरडते. पण तेवढ्यावर न थांबता पुढे ठोकून दिले जाते, ‘पक्ष्यांत नरच गातो, मादी फक्त ऐकते आणि निवड करते.’ पक्षीनिरीक्षणाच्या सहलीत, शाळेतल्या व्याख्यानात, माहितीपटात, सगळीकडे हेच. मुळात कोकीळ गानपक्षीच नाही. तो पावशाच्या कुळातला. त्याच्यावरून गानपक्ष्यांचा नियम कसा काय काढता?

गानपक्ष्यांचे मूळ घराणे ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे. चिमणी, बुलबुल, कावळा या आपल्या शेजाऱ्यांचे दूरचे पूर्वज तिकडचे, हे जनुकीय अभ्यासांतून पुढे आले आहे. कावळ्याच्याच मोठ्या शाखेतले, पण बहुतेक तिकडेच राहिलेले एक कुळ म्हणजे व्हिसलर. त्यातला गोल्डन व्हिसलर पाहा. जेमतेम 17 सेंटिमीटरचा पक्षी. नराचे पोट पिवळेधमक, डोके काळे, गळा पांढराशुभ्र. मादी करडी-तपकिरी, पानांत सहज हरवणारी. खणखणीत शीळ, शेवटी चाबूक ओढल्यासारखा तुटक स्वर. ही शीळ नर घालतो आणि मादीही घालते. घरटे बांधणे, अंडी उबवणे, पिल्ले वाढवणे हेही दोघे मिळून करतात.

हा अपवाद असेल, असे कोणी म्हणेल. नाही. कॅरन ओडम आणि सहकाऱ्यांनी 2014 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये 323 जातींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातल्या 229 जातींत, म्हणजे 71 टक्क्यांत, मादी गाते असे दिसले. वंशवृक्षावर मागे जात त्यांनी आणखी एक निष्कर्ष काढला : गानपक्ष्यांच्या आद्य पूर्वजांत नर-मादी दोघेही गात असावेत. तेव्हा ‘मादी का गाते?’ हा प्रश्नच उलटा आहे. काही वंशांत मादीचे गाणे का थांबले, हे विचारायला हवे.

मग गैरसमज रुजला कसा? पक्षीगानाचा अभ्यास दीर्घकाळ युरोप आणि उत्तर अमेरिकेत झाला. तिथल्या अनेक स्थलांतरित जातींत गाण्याचे काम मुख्यतः नराकडे असते, आणि तोच जगाचा नियम मानला गेला. त्यात गाणारा पक्षी दिसला की वहीत ‘नर’ लिहायची सवय. गोल्डन व्हिसलरचे तरुण नर मादीसारखेच तपकिरी दिसतात. त्यामुळे गाणारी मादी समोर असूनही ‘कोवळा नर असेल’ म्हणून सोडून देणे सोपे.

आता व्हिसलरच्या निमित्ताने काही किरकोळ गैरसमज.

‘सह्याद्रीतला शीळकरी कस्तूर हाच व्हिसलर.’ नव्हे. तो माशीमार पक्ष्यांच्या कुळातला. शीळ सारखी म्हणून नाते जुळत नाही.

‘भारतात व्हिसलर नाहीत.’ आहेत. सुंदरबन आणि अंदमानच्या खारफुटीत साधासा तपकिरी मँग्रोव्ह व्हिसलर राहतो.

‘नर नेहमी भडक रंगाचाच.’ सॉलोमन बेटांपैकी रेनेल बेटावरच्या व्हिसलरचा नर मादीसारखाच साधा असतो.

‘पक्षी विषारी नसतात.’ न्यू गिनीतल्या रीजंट व्हिसलरच्या पिसांत, दक्षिण अमेरिकेतल्या विषारी बेडकांत सापडते तेच बॅट्राकोटॉक्सिन असल्याचे 2023 साली संशोधकांनी जाहीर केले.

‘व्हिसलर फक्त जोडीदारासाठी गातो.’ मेघगर्जनेसारखा मोठा आवाज झाला तरी तो शीळ घालतो. म्हणून ऑस्ट्रेलियात त्याला ‘थंडरबर्ड’ही म्हणतात.

कोकिळेची दुरुस्ती जरूर करा, फक्त ती कोकिळेपुरती ठेवा. आणि नर-मादी सारखे दिसणारा एखादा पक्षी गाताना दिसला, तर वहीत ‘नर’ लिहू नका. ‘गाणारा पक्षी, लिंग अनिश्चित’ एवढेच लिहा. खात्री नसताना लिहिलेला ‘नर’ हाच या गैरसमजाचा सर्वांत मोठा आधार आहे.