मुदत मागणारी प्रार्थना

ख्रिस्ती मंडळीच्या जुन्या उपासनाग्रंथात एक दीर्घ विनवणी आहे. पाळक एकेका अरिष्टाचे नाव उच्चारतो आणि त्यातून आम्हांला सोडव, असे जमलेला समुदाय एकमुखाने प्रभूला विनवितो. आणि वादळ, महामारी, दुष्काळ, युद्ध अशा सर्वमान्य अरिष्टांच्या मालिकेत अकस्मात येणाऱ्या मृत्यूचीही गणना तेथे केलेली आहे. नागभीडच्या बाजारात भेटणाऱ्या एखाद्या वृद्धाला हे सांगितले तर तो चकित होईल. कारण चालता-बोलता उचलून ने, कोणाला माझे करावयास लावू नको, हेच मागणे तो, त्याचा धर्म कोणताही असो, रोज देवाजवळ करीत असतो. तरीही त्या जुन्या प्रार्थनेत माणसाच्या गरजेची अधिक खोल जाण आहे, असे माझे मत आहे. मरण टळावे अशी याचना तीत नाही. मरणापूर्वी थोडी मुदत मिळावी, देणे-घेणे मिटवावे, ज्याची क्षमा मागावयाची त्याची मागून घ्यावी आणि हातातले काम दुसऱ्याच्या हवाली करून निघावे, एवढीच ती अर्जी आहे. मराठी मुलखातील ख्रिस्ती माणसांना अशी मुदत मिळाली तेव्हा त्यांनी तिचे काय केले, हे पाहावयाचे तर दीडशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते, आणि आरंभी भेटतो तो मुदत न मिळालेला एक मनुष्य.

स्टीफन हिस्लॉप १८४५ साली स्कॉटलंडहून नागपूरला आले. शाळा चालविणे आणि धर्मोपदेश करणे हे त्यांचे नेमलेले काम. परंतु खडकांतील जीवाश्म आणि गोंडांच्या मुखातील आख्याने यांचाही त्यांना तितकाच ध्यास होता, आणि लिंगोची जी कथा आमच्या या झाडीच्या मुलखातील गोंड वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या गाइली गेली, ती कागदावर उतरविणाऱ्या पहिल्या लोकांत त्यांची गणना होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास ते गेले होते. रात्री घोड्यावरून परत येत असता पावसाने फुगलेल्या ओढ्यात सापडून वयाच्या ४५व्या वर्षी ते बुडाले. निरोप नाही, व्यवस्था नाही, कोणाच्या हाती काही सोपविणे नाही. गोंडांविषयीची त्यांची टिपणे तशीच विखुरलेली राहिली, आणि मध्य प्रांताचा कारभार पाहणारे रिचर्ड टेंपल यांनी ती जुळवून १८६६ साली छापली म्हणूनच आज ती उपलब्ध आहेत. हे काम टेंपल यांनी मनावर घेतले नसते, तर केवढा ठेवा त्या ओढ्यात गेला असता!

आमच्या जिल्ह्याचे ठिकाण जे चांदा, तेथे स्कॉटिश एपिस्कोपल मंडळीने पुढे आपले मिशन उघडले, आणि काशीच्या विद्येत वाढलेले व १८४८ साली बाप्तिस्मा घेतलेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनीही काही काळ तेथे काम केले. त्यांचे नाव येथे घेण्याचे कारण निराळे आहे. एवढा प्रखर बुद्धीचा आणि कडक आचाराचा पुरुष, परंतु संशयाने त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही, आणि ती गोष्ट त्यांनी लपविलीही नाही. श्रद्धावान माणसाचे मन अखेरपर्यंत निश्चलच असते, या समजुतीला त्यांच्या चरित्राने मोठा धक्का बसतो. ते १८९५ साली वारले. आणि ज्यांच्या ख्रिस्ताकडे वळण्यात त्यांच्या युक्तिवादाचा वाटा होता, त्या पंडिता रमाबाई तेव्हा आपल्या कार्याच्या ऐन भरात होत्या.

रमाबाईंचे शेवटचे वर्ष आठवले म्हणजे मन जड होते. केडगावच्या मुक्ती मिशनचा सारा भार आपल्यामागे कन्या मनोरमा उचलील, अशी त्यांची योजना होती, आणि त्या योजनेस साजेसेच शिक्षण त्यांनी मुलीला दिले होते. ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिशीत, आईच्या आधी गेली. पती, आईबाप, भाऊ यांची मरणे तरुणपणीच पाहिलेल्या या बाईला वार्धक्यात स्वतःचा वारसा मातीला द्यावा लागला. शरीर थकलेले, श्रवणशक्ती गेलेली. आणि समोर मराठी बायबलचे ते प्रचंड भाषांतर, ज्याच्यासाठी त्यांनी ग्रीक व हिब्रू या भाषा मुद्दाम हस्तगत केल्या होत्या. त्या दुःखाने हात टेकून बसत्या तर त्यांना कोणी नावे ठेविली नसती. पण त्या मुद्रिते तपाशीत राहिल्या. शेवटची मुद्रिते हातावेगळी होईपर्यंत मला आयुष्य दे, अशी त्यांची प्रार्थना होती, असे त्यांच्या सहवासातील मंडळी सांगत आली आहेत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला, आणि ते संपूर्ण बायबल त्यांच्याच आश्रमातील मुलींच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट याहून वेगळी, कारण त्यांचे काम पुरे होण्याजोगे नव्हतेच. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेविला, आणि १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, हा वृत्तान्त सर्वश्रुत आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला.   टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वारले. ख्रिस्ती रिवाज दफनाचा असताही आपल्या देहाचे दहन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती, आणि तिला मान देण्यात आला. मागे राहिले ते ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य, आणि त्याचे सुरुवातीचे थोडेसेच अध्याय झालेले!

ते पुरे केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. ज्या स्त्रीला लहानपणी शाळा ठाऊक नव्हती, जी पतीच्या धर्मांतराने पाच वर्षे होरपळली आणि मग १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाली, तिने वैधव्यात महाकाव्याला हात घातला आणि साठाहून अधिक अध्याय रचून ते शेवटास नेले. शोकाचा याहून प्रामाणिक उपयोग मला तरी माहीत नाही. आणि याच काळात त्या ‘स्मृतिचित्रे’ही सांगत-लिहीत होत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. ‘स्मृतिचित्रे’चा शेवटचा भाग त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला आणि ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली. पतीचे अपुरे पत्नीने पुरे केले, आणि तिच्या हातचे शेवटचे कागद वाचकांपर्यंत नेण्याचे काम तिच्या माणसांकडे आले.

या साऱ्या मरणांकडे पाहताना मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. पुनरुत्थानाची आशा ही बहुधा परलोकाची बाब समजली जाते. परंतु या माणसांच्या बाबतीत तिचा परिणाम इहलोकीच दिसतो. आपण गेल्यावरही प्रभूचे काम चालूच राहणार, ते आपल्या हयातीवर अवलंबून नाही, हा विश्वास असल्यामुळे ती माणसे अर्धे काम टाकून निघण्यास भ्याली नाहीत, आणि अखेरच्या दिवसापर्यंत ते करीत राहण्यासही कंटाळली नाहीत. हा गुण ख्रिस्ती माणसांचीच मिरास आहे, असे मी म्हणत नाही. याच जिल्ह्यात वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे ९ फेब्रुवारी २००८ रोजी रक्ताच्या कर्करोगाने गेले. ख्रिस्ताच्या चरित्राने ओढून घेतलेला, परंतु ख्रिस्ती नसलेला हा पुरुष. त्यांच्या देहाचे दहन झाले नाही, आनंदवनाच्या मातीतच तो पुरला गेला. ख्रिस्ती टिळकांना अग्नी आणि आमट्यांना माती, या दोन्ही निर्णयांमागील निर्भयता मला एकाच जातीची वाटते.

पण मोठ्यांच्या चरित्रांत वेदनेचा तपशील गळून जातो, आणि तो गाळून हा विषय पुरा होत नाही. नागभीडच्या एका वृद्ध ख्रिस्ती गृहस्थाचे आजारपण मी जवळून पाहिले. उभा जन्म नागपूरच्या छोट्या लाइनीवर गँगमन म्हणून गेलेला, आणि तरुणपणापासून गालात खर्रा. तोंडाचा कर्करोग निघाला तेव्हा नागपूरला मेडिकल झाले, तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय झाले, आणि आता घरीच न्या, असे सांगण्यात आले. जबडा बांधलेला असल्यामुळे नातवाची पाटी हाच त्याचा आवाज. त्या पाटीवर त्याने पहिल्यांदा धाकट्या भावाचे नाव लिहिले. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून दोघांचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते. भाऊ आला, खाटेच्या कडेला बसला. तलाठ्याला बोलावून मोजणीचा आणि फेरफाराचा विषय मिटविला गेला. मग रविवारच्या शाळेचे हजेरीपुस्तक पाळकांच्या मुलीकडे गेले. कोणत्या मुलाला वाचता येत नाही, कोणाला चश्म्याची गरज आहे, हे सारे पाटीवर लिहून-पुसून तिला समजाविण्यात दोन संध्याकाळ गेल्या. आणि नंतर एका रात्री कळ असह्य झाली तेव्हा त्याने पाटीवर एकच शब्द लिहिला: ‘पुरे’.

सकाळी पाळक यावयाच्या आत मुलाने ती पाटी पुसून टाकली. बापाची श्रद्धा डळमळली, असे कोणी म्हणू नये, ही त्याची भीती. मला त्या मुलाला सांगावयाचे होते, आणि नंतर मी ते सांगितलेही, की गेथशेमाने बागेत स्वतः येशूने हा प्याला टळावा अशी याचना केली, घामाघूम होऊन केली, आणि मित्रांना जागे राहा म्हणून विनविले. लाजराच्या कबरेपाशी तो रडला. वधस्तंभावरील आक्रोश तर शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी पुसून टाकला नाही. दुःखात ‘पुरे’ म्हणणे हा अविश्वास असेल, तर मग प्रभूच्याही अखेरच्या रात्रीचा अर्धा वृत्तान्त वगळावा लागेल. मरणाऱ्या माणसाच्या तोंडून केवळ शांत वचनेच ऐकावयाची, हा हट्ट आमच्या मंडळ्यांनी सोडला पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणतो. त्या हट्टापायी किती माणसे एकटीच कण्हत गेली असतील!

लंडनमध्ये सिसिली सॉंडर्स या ख्रिस्ती बाईने १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हे मरणासन्न रुग्णांचे घर उघडले तेव्हा तिने हेच ओळखले होते, की शरीराची वेदना आणि मनाची, कुटुंबाची, आत्म्याची वेदना यांचा पीळ एकच असतो, आणि प्रार्थनेइतकीच तेथे वेळेवर दिलेल्या मॉर्फिनचीही जरुरी असते. मुंबईत वांद्र्याला डॉक्टर लुईस डिसूझा यांनी १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू केले, आणि कॅथलिक भगिनी तेथे रुग्णांची सेवा करू लागल्या. भारतात अशा प्रकारचे ते पहिले घर. परंतु अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्याने मॉर्फिनवर परवान्यांचे एवढे ओझे लादले होते, की खेड्यापाड्यांतील रुग्णापर्यंत ते पोहोचणे दुरापास्त झाले. २०१४ साली कायदा शिथिल झाला. पण कायद्यातील सवलत आणि नागभीडमधील खाट यांच्यामध्ये अजून अंतर आहे. त्या गृहस्थाचा मुलगा गोळ्यांसाठी सुमारे शंभर किलोमीटर दूर नागपूरला जात असे. ज्या छोट्या गाडीच्या रुळांवर बापाने आयुष्य काढले, ती रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झालेली. म्हणून पहाटेची एस.टी. आणि रात्री परत. तोपर्यंत खाटेवरचा माणूस घड्याळाकडे पाहत पडलेला. ही गोळी तालुक्याच्या ठिकाणी मिळावी, आणि ती केव्हा व किती द्यावयाची याचे शिक्षण घेतलेली एक तरी परिचारिका येथे असावी, ही मागणी मी इथल्या मंडळ्यांपुढे आणि सरकारी दवाखान्यापुढे मांडीत आलो आहे, आणि आज पुन्हा मांडतो.