तृणधान्याच्या जोडीला सुगंधी गवत

निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदाकाठचे गाव. येथील काळी, कसदार जमीन कांदा, गहू व भाजीपाल्यास अनुकूल असली, तरी २०१६ व २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरांनी तिचे दुसरे रूपही दाखविले. लगतच्या सिन्नर तालुक्यातील हलक्या जमिनींची अडचण याउलट, म्हणजे अपुऱ्या पावसाची. अशा जमिनीत बाजरीबरोबर रोशा गवताचे आंतरपीक घेणे कितपत किफायतशीर ठरेल, याचा विचार करणे उपयुक्त होईल.

खानदेशचा वारसा

रोशा अथवा तिखाडी हे गवत महाराष्ट्राला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात पश्चिम खानदेशच्या डोंगरपट्ट्यात त्याचे तेल गाळले जाई. मुंबईमार्गे ते परदेशी जात असे आणि गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळही होई. तेलातील जिरॅनिऑल हा घटक आजही साबण व सुगंधी द्रव्यांसाठी उपयोगी पडतो.

लागवडीचे तत्त्व

रोपवाटिकेत वाढविलेली रोपे पावसाळ्याच्या आरंभी सुमारे ६० सेंटिमीटर अंतरावरील ओळींत लावतात. प्रारंभीच्या महिन्यांत गवताची वाढ मंद असते. या काळात ओळींमधील मोकळ्या जागेत लवकर तयार होणारी बाजरी घेता येते व पहिल्याच हंगामात घरी धान्य येते. मात्र दोन्ही पिके नत्राची भुकेली असल्याने प्रत्येकाला स्वतंत्र खतमात्रा द्यावी लागते. उंच ज्वारीची दाट पेरणी केल्यास गवतावर सावली पडते. पाणी साचणारी जमीन या गवतास मानवत नाही. म्हणून पूररेषेतील शेतात ते लावू नये.

लाभाचे गणित

समजा, आंतरपिकात बाजरीचे उत्पादन स्वतंत्र पिकाच्या ७० टक्के व गवताचे ६० टक्के आले. तर दोहोंची बेरीज १.३ होते. म्हणजेच एक हेक्टरने १.३ हेक्टरचे काम केले. ही बेरीज १ पेक्षा कमी आल्यास मिश्रणात लाभ नाही, असे समजावे. गवत एकदा लावल्यावर चार-पाच वर्षे कापण्या देते, त्यामुळे लागवडीचा खर्च अनेक वर्षांत विभागला जातो.

आधी भट्टी, मग लागवड

शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो तेलाचा, गवताचा नव्हे. फुलोऱ्यात कापलेले गवत वेळेवर वाफेच्या भट्टीत गेले नाही, तर तेल घटते. एकट्या लहान शेतकऱ्यास भट्टीचा खर्च पेलत नाही आणि दूरच्या भट्टीपर्यंतची वाहतूक नफा खाऊन टाकते. म्हणून सहकारी संस्था वा शेतकरी गटाने प्रथम भट्टी व खरेदीदार निश्चित करावा. लखनौची केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांचा सल्ला घेऊन थोड्या गुंठ्यांवर प्रयोग करावा. ग्रामपंचायतीने त्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवल्यास पुढचे पाऊल टाकावे की नाही, हे गावालाच ठरविता येईल.