दुसऱ्या टीव्हीवरच मुंग्या? दोष छत्रीचा नव्हे

बाहेरच्या खोलीतला टीव्ही स्वच्छ दिसतो, आतल्या खोलीतल्या टीव्हीवर मात्र मुंग्या. सेट-टॉप बॉक्स दोन्हींना एकच. कवठे महांकाळच्या वाड्यावस्त्यांवर काय किंवा शहरात काय, पहिला संशय छतावरच्या छत्रीवर जातो आणि कोणीतरी ती फिरवायला वर चढते.

२००४ साली ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झालेली डीडी फ्री डिश असो वा पैसे भरून घेतलेली सेवा, उपग्रहाकडून येणारा सिग्नल डिजिटल (अंकांच्या रूपातला) असतो. तो कमी पडला तर चित्राचे चौकोन पडतात किंवा चित्र गोठते, आणि तेही दोन्ही टीव्हींवर एकाच वेळी. मुंग्या येतात त्या बॉक्सपासून दुसऱ्या टीव्हीपर्यंतच्या ॲनालॉग (लहरींच्या रूपातल्या) वाटेत.

द्राक्षबागेतले ठिबक आठवावे. मोटर ठीक असते, पहिल्या वेलींना पाणीही मिळते. पण नळी लांबली आणि जोड गळका निघाला की शेवटच्या वेलीपर्यंत दाब पोचत नाही. तारेचेही तसेच. त्यात स्प्लिटर (एका तारेच्या दोन वाटा करणारी डबी) प्रत्येक वाटेला निम्म्याहून थोडी कमीच शक्ती देतो.

खात्री करणे सोपे आहे. दुसरा टीव्ही बॉक्सजवळ आणून आखूड तारेने जोडावा. चित्र स्वच्छ आले, तर दोष लांब तारेत किंवा जोडांत आहे. पीळ देऊन चिकटपट्टी लावलेले जोड काढावेत, अखंड आरजी-६ केबल टाकावी, टोकांना नीट कनेक्टर बसवावेत.

दोन टीव्हींवर वेगवेगळी चॅनेल हवी असतील, तर मात्र दुसरा बॉक्स घ्यावाच लागतो.