आर्क वेल्डिंग : उशिरा जाणवणाऱ्या इजा आणि सुरक्षितता

विद्युत् प्रज्योतीच्या, म्हणजेच आर्कच्या, साहाय्याने होणारे वेल्डिंग महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांतील फॅब्रिकेशनच्या दुकानांत रोज चालते. खिडक्यांच्या ग्रिल, फाटके, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पत्र्याच्या शेडचे सांगाडे तेथेच तयार होतात. लेप दिलेली धातूची कांडी, म्हणजे कामगारांच्या बोलीतील रॉड, आणि जोडायचे लोखंड यांच्यामधील अरुंद फटीतून विजेचा मोठा प्रवाह वाहू लागला की तेथील वायू विद्युत्‌वाहक बनतो आणि सुमारे ५,००० ते ६,००० अंश सेल्सिअस तापमानाची प्रज्योत निर्माण होते. शुद्ध लोखंड १,५३८ अंशांनाच वितळत असल्याने जोडाच्या दोन्ही कडा क्षणार्धात एकजीव होतात. या कामातील अनेक इजा घडत असताना जाणवत नाहीत. काही इजांची वेदना रात्री सुरू होते, काहींची लक्षणे दिसायला वर्षे लागतात, आणि म्हणूनच ‘इतकी वर्षे काम केले, काही झाले नाही’ हा कामगाराचा अनुभव प्रामाणिक असला तरी सुरक्षिततेचा आधार म्हणून तो पुरेसा ठरत नाही.

डोळ्यांची इजा हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. प्रज्योतीतून दृश्य प्रकाशाबरोबरच जंबुपार किरण बाहेर पडतात आणि ते स्वच्छमंडल, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडदा, याच्या पृष्ठभागावरील पेशींना भाजतात. त्या क्षणी फारसे काही जाणवत नाही; मात्र साधारण ६ ते १२ तासांनी, बहुधा झोपेच्या वेळी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी खुपखूप सुरू होते, पाणी वाहते आणि उजेड सहन होत नाही. हा त्रास बहुतेकदा एकदोन दिवसांत शमतो, परंतु त्यासाठी डोळ्यांत दूध घालणे किंवा बधिर करणारे थेंब वारंवार टाकणे घातक आहे, कारण पहिल्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि दुसऱ्याने वेदना थांबली तरी जखम भरून येण्यास अडथळा होतो. दृष्टिपटलाला प्रखर प्रकाशाने होणारी इजा मात्र कायमची ठरू शकते.

ही इजा इतकी सार्वत्रिक का, याचे कारण निष्काळजीपणापेक्षा कामाच्या रचनेत अधिक आहे. दोन तुकडे जागच्या जागी धरून पहिला टाका, म्हणजे टॅक, मारताना कामगाराच्या एका हातात होल्डर असतो, दुसऱ्या हाताने तो तुकडा सांभाळतो, आणि हाती धरायच्या मुखवट्यासाठी तिसरा हात उरत नाही; मग तो मान वळवून आणि डोळे मिटून टाका मारतो. दिवसभरात असे टाके असंख्य असतात. यावरील उपाय उपदेशाचा नसून साधनाचा आहे : डोक्यावर बसणारे हेल्मेट वापरले की हात मोकळा राहतो, आणि आपोआप काळी होणारी काच असली तर टाक्याची जागाही आधी नीट दिसते. नेहमीच्या रॉड वेल्डिंगसाठी १० किंवा ११ क्रमांकाच्या गडद छटेची काच योग्य मानली जाते. उन्हाचा चष्मा त्या जागी चालत नाही. शेजारचा मदतनीस आणि रस्त्यावर थांबून पाहणारी मुले यांच्यासाठी आडोशाचा पडदा लागतो, आणि नेमका तोच बहुतेक दुकानांत नसतो.

धुराची गोष्टही अशीच आहे. जस्त ९०७ अंशांनाच उकळत असल्याने जस्ताचा मुलामा असलेल्या, म्हणजे जीआय, पाइपवर वेल्डिंग करताना मुलाम्याची वाफ होते, तिचे हवेत पांढरे ऑक्साइड बनते आणि ते श्वासावाटे आत जाते. काही तासांनी थंडी, ताप, अंगदुखी आणि तोंडात धातूची चव अशी लक्षणे दिसतात. या धातुधूम-ज्वराला हवापालटाचा किंवा मलेरियाचा ताप समजण्याची चूक सहज होते. स्टेनलेस स्टीलच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम हे कर्करोगकारक द्रव्य असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर २०१७ मध्ये सर्वच वेल्डिंगच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. तोंडावर बांधलेला रुमाल हे सूक्ष्म कण अडवू शकत नाही. जोडाजवळचा मुलामा आधी घासून काढणे, धूर उगमापाशीच ओढून घेणारा पंखा बसवणे, योग्य श्वसन-मुखवटा वापरणे आणि वारा पाठीवर न घेता बाजूने घेणे हे उपाय परिणामकारक आहेत; वारा पाठीवर असला की शरीरापुढे भोवरा तयार होऊन धूर उलट चेहऱ्याकडेच येतो.

विजेचा धक्का मात्र सवड देत नाही. रॉड लोखंडाला टेकलेला नसताना होल्डरवर साधारण ५० ते ८० व्होल्टचा दाब असतो, आणि घरातील २३० व्होल्टच्या तुलनेत तो किरकोळ वाटतो. परंतु घामाने किंवा पावसाने भिजलेल्या त्वचेचा विद्युत्‌रोध फार कमी होतो आणि ओल्या लोखंडी सांगाड्यात बसलेल्या माणसाला एवढा दाबही प्राणघातक ठरू शकतो. गळती ओळखून वीज तोडणारा मुख्य फलकावरील स्विच येथे रक्षण करील, हा समज चुकीचा आहे, कारण ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या वेटोळ्याचे मंडल पहिल्यापासून विलग असल्याने त्या बाजूचा धक्का या स्विचला कळतच नाही. म्हणून पावसाळ्यात कोरडे चामड्याचे हातमोजे, पायाखाली कोरडी फळी, न तडकलेला होल्डर आणि काम थांबताच रॉड काढून ठेवण्याची शिस्त यांवरच भिस्त असते. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून होल्डर काखेत धरणे ही यातील सर्वांत धोकादायक सवय आहे.

रिकामे वाटणारे पिंप हा आणखी एक तत्काळ धोका. तेलाच्या किंवा थिनरच्या पिंपात तळाशी राहिलेला थोडासा अंश उष्णतेने वाफ होऊन हवेत मिसळला की स्फोटक मिश्रण तयार होते. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ३७ मध्ये अशा पात्रातील ज्वलनशील पदार्थ व वाफ काढून टाकल्याशिवाय त्यावर वेल्डिंग करण्यास मनाई केली गेली, परंतु मोजके कामगार असलेली असंख्य दुकाने त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. ठिणग्या दहा मीटरपर्यंतही उडतात आणि गादी, भुसा किंवा थर्माकोल यांत पडून बराच वेळ धुमसत राहतात. त्यामुळे इमारतीत जाऊन केलेल्या कामानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, पाण्याची बादली किंवा अग्निशामक घेऊन कोणीतरी थांबणे आवश्यक असते. हा वेळ ठेकेदाराच्या दरपत्रकात धरलेला नसतो, आणि ग्राहकाने तो काम ठरवतानाच मागून घेतला तरच तेथे माणूस थांबतो.